चढावर चालले, मग मी धावपटू नाही का?

पत्र: मी ४२ वर्षांची आहे. सहा वर्षं रस्त्यावर धावतेय, अर्धमॅरेथॉन १ तास ५८ मिनिटांत पूर्ण होते. तीन आठवड्यांपूर्वी एका ग्रुपबरोबर पहिल्यांदाच डोंगराळ अभयारण्यात धावायला गेले. १८ किलोमीटर, एकूण चढाई १,२०० मीटर. मला ३ तास ४० मिनिटं लागली. किलोमीटरला सव्वाबारा मिनिटं! निम्मे चढ मी चालतच चढले. ग्रुप चालवणारे सगळ्यांसमोर म्हणाले, “चालायचंच होतं तर धावायला कशाला आलात?” उतरताना सगळे वळणं सोडून मधूनच सरळ खाली उतरत होते. मीही उतरले आणि पाय मुरगळला. बाकीचे तोवर दिसेनासे झाले होते. शेवटची दोन किलोमीटर एकटी लंगडत आले, त्याला ४० मिनिटं लागली. खाली पोचले तेव्हा निम्मे लोक घरी निघून गेले होते. चार महिन्यांनी तशाच डोंगरात ३० किलोमीटरची, २,००० मीटर चढाईची शर्यत आहे. वेळमर्यादा ८ तास. ग्रुपबरोबर नाव देऊन बसलेय. घोटा अजून संध्याकाळी सुजतो. नाव मागे घेऊ का? माझ्यात तेवढा दमच नाही का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही विचारलंय दमाबद्दल, पण मला सगळ्यात जास्त लागलं ते एकटीने लंगडत आल्याचं वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. घोटा सुजलेला, डोंगर अनोळखी, मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, आणि तुम्ही ४० मिनिटं एकट्या. आणि याची लाज तुम्हाला वाटतेय! ती ज्यांना वाटायला हवी त्यांनी तर गाड्या काढल्या होत्या. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. दमाचा हिशेब नंतर करू, तो तसाही तुमच्याच बाजूने निघणार आहे.

डोंगरात ग्रुप घेऊन जाणाऱ्यावर एक जबाबदारी असते, आणि ती पुढे पळण्याची नसते. निघताना माणसं मोजायची, प्रत्येक फाट्यावर थांबून पुन्हा मोजायची, आणि सगळ्यात शेवटी एक अनुभवी माणूस ठेवायचा, ज्याच्या मागे कोणीही राहणार नाही. एवढं केलं तरच त्याला ग्रुप म्हणायचं, नाहीतर ती एकाच वेळी निघालेली सुटी माणसं. तुमच्या बाबतीत घोटा मुरगळण्यावर भागलं. हाड मोडलं असतं, किंवा पाऊस आला असता, तर त्या ४० मिनिटांचे चार तास व्हायला वेळ लागला नसता. घाम आलेलं अंग थांबल्यावर किती भराभर गार पडतं, ते रस्त्यावर धावणाऱ्यांना सहसा कळत नाही, कारण रस्त्यावर आपण थांबलो की आडोसा जवळच असतो.

२२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. १७२ जण निघाले. दुपारी वर असताना हवा अचानक फिरली: गारा, बर्फासारखा पाऊस, उभं राहू न देणारा वारा. बऱ्याच जणांच्या अंगावर अर्ध्या चड्ड्या आणि पातळ टी-शर्ट होते. वारा अडवणारं जॅकेट सक्तीच्या यादीत नव्हतं. २१ धावपटू गेले, त्यांत देशातले नावाजलेले धावपटूही होते. दमात ते तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी सरस होते. एका मेंढपाळाने सहा जणांना गुहेत नेलं, आग पेटवली, म्हणून ते वाचले. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाहीये. डोंगरात जीव वाचतो तो कोणीतरी थांबल्यामुळे आणि पाठीवर एक कोरडा कपडा असल्यामुळे, एवढंच तुमच्या मनात ठसावं म्हणून सांगतेय.

तेव्हा ग्रुपला काय सांगायचं? ग्रुप चालवणाऱ्यांना एकट्यात गाठून सरळ सांगा: “त्या दिवशी माझा पाय मुरगळला आणि मी ४० मिनिटं एकटी होते. पुढच्या वेळी शेवटी कोण असेल?” बस. टोमण्याबद्दल बोलू नका, वळणांबद्दलही त्या क्षणी नको. या एका प्रश्नाला ते काय उत्तर देतात त्यावरून ठरवा. ओशाळले, नाव सांगितलं, तर पुन्हा जायला हरकत नाही. हसण्यावारी नेलं, तर त्या ग्रुपशी संबंध संपला असं समजा. शर्यतीत नाव तुमचं आहे, त्यासाठी ग्रुप लागत नाही. तुमच्यासारख्याच दोघीतिघी शोधा. शोधल्या की सापडतात, कारण चढावर चालल्याबद्दल गप्प बसवलेल्या बायका आणि पुरुष प्रत्येक ग्रुपमध्ये असतात.

आता दम. तुम्ही ३ तास ४० मिनिटांना १८ किलोमीटरने भागलंत आणि सव्वाबारा हा आकडा पाहून हबकलात. पण भागाकारच चुकीच्या आकड्याने केलाय. डोंगरात अंतर दोन दिशांनी मोजतात, आडवं आणि उभं. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्येच चालणाऱ्यांसाठी हिशेब घालून दिला होता: तीन मैलांना एक तास, आणि वर दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. धावणाऱ्यांसाठी आज आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना शर्यतींची प्रतवारी करताना याहून सोपं गणित वापरते: दर १०० मीटर चढाई म्हणजे एक जादा किलोमीटर. तुमचे १८ अधिक १२, झाले ३०. आता ३ तास ४० मिनिटांना ३० ने भागा. किलोमीटरला ७ मिनिटं २० सेकंद येतात, आणि त्यात तुमची लंगडण्याची ४० मिनिटंही धरलेली आहेत. पहिल्याच वेळी, दगडाधोंड्यांवरून. हा आकडा मला कोणी नाव न सांगता दाखवला असता तर मी म्हटलं असतं, ही बाई तयारीची आहे.

हेच गणित शर्यतीला लावा. ३० अधिक २० म्हणजे ५०. त्याच गतीने सहा तासांच्या थोडं वर. लांब अंतराचा थकवा, पाणी भरायला थांबणं, एखादी वाट चुकणं धरून सात म्हणा. तुमच्याकडे आठ आहेत.

आणि चालण्याबद्दल. आल्प्समधली युटीएमबी ही शर्यत २००३ पासून होते. साधारण १७० किलोमीटर, चढाई १०,००० मीटरच्या आसपास. तिथला विजेता जवळपास २० तासांत येतो, म्हणजे किलोमीटरला सरासरी सात मिनिटं. जगातले सर्वोत्तम डोंगरी धावपटू ते, आणि उभ्या चढावर तेही चालतात: हातात काठ्या, किंवा गुडघ्याच्या वर मांड्यांवर तळवे, पाठ किंचित वाकलेली, पावलं लहान. याला शरीरशास्त्राचा आधार आहे. इटालियन संशोधक आल्बेर्टो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डोंगरी शर्यतींत धावणाऱ्यांना ट्रेडमिलच्या उतरत्या-चढत्या पट्ट्यावर धावायला लावून ऊर्जा मोजली. ४५ टक्के चढावर (म्हणजे शंभर मीटर आडवं गेल्यावर ४५ मीटर वर) एक मीटर धावायला सपाटीच्या साडेपाच पट ऊर्जा लागली. पुढे कोलोरॅडोत झालेल्या प्रयोगात दिसलं, की साधारण १६ अंशांहून उभ्या चढावर त्याच वेगाने वर जायचं असेल तर धावण्यापेक्षा चालणं स्वस्त पडतं. धावताना प्रत्येक पावलाला अंग उचलून हवेत फेकावं लागतं. चालताना एक पाय सतत जमिनीवर असतो आणि पोटऱ्यांना क्षणभर तरी विसावा मिळतो.

त्यामुळे चढावर चाला, पण ठरवून चाला. धाप लागून, मान खाली घालून, नाइलाजाने चालायला लागलात तर उशीर झालेला असतो. मी स्वतःसाठी साधी खूण ठेवलीय: सोबतच्या माणसाशी एक पूर्ण वाक्य बोलता येईनासं झालं की धावणं सोडायचं. दुसऱ्या वाक्याची वाट बघायची नाही. वर पोचल्यावर दम शिल्लक असतो, आणि तो हवा असतो पुढच्या उतारासाठी.

कारण तुमचं खरं दुखणं उतारात आहे. तुम्ही पत्रात खंत केलीत ती चढाची, उताराबद्दल जाता जाता लिहिलंत, पण पाय मुरगळला तो उतरताना.

उतार फसवा असतो. त्याच २००२ च्या प्रयोगात २० टक्के उतारावर ऊर्जा सपाटीच्या निम्मीच लागली, म्हणून श्वास हलका वाटतो आणि आपण सुटतो. पण मांडीच्या पुढच्या स्नायूंचं काय चाललेलं असतं? प्रत्येक पावलाला ते ताणले जात असतानाच आवळून धरायचं काम करतात, ब्रेकसारखं. या कामात स्नायूंचे बारीक धागे दुखावतात. म्हणूनच डोंगरातून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. आणि थकलेली मांडी गुडघा नीट धरत नाही, मग पाऊल कुठेतरी भलतीकडे पडतं, घोटा वळतो. तुमचा घोटा सोळाव्या किलोमीटरला वळला, दुसऱ्याला वळला नाही. दगड तर दुसऱ्या किलोमीटरलाही होते.

यात एक दिलासाही आहे. उताराचा एक चांगला सराव झाला की तोच उतार पुढचे काही आठवडे स्नायूंना तितका छळत नाही. शरीर उतार लक्षात ठेवतं. म्हणून चढाइतकाच उताराचा सराव करा, पण थोडा थोडा. दर आठवड्याला एकदा, दहा मिनिटांचा एखादा सौम्य उतार, ताज्या पायांनी. नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढे हवी. पायाशी बघणाऱ्याला दगड दिसतो तेव्हा पाऊल आधीच पडलेलं असतं. पावलं लहान आणि भराभर. गुडघे सैल. हात बाजूला पसरलेले, कसे दिसतात याची फिकीर न करता. आणि मागे रेलू नका. भीती वाटली की आपण आपोआप मागे रेलतो, टाच पुढे रोवली जाते आणि नेमकी घसाऱ्यावर तीच सटकते. वेग कमी करायचा असेल तर पावलं आणखी लहान करा.

हे सगळं घोटा बरा झाल्यावर. तीन आठवड्यांनीही संध्याकाळी सूज येते म्हणजे सांध्याभोवतीची दोरी अजून सांधलेली नाही, किंवा दुसरं काही आहे, आणि ते पत्रावरून मला कळणार नाही. याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. घोट्याच्या टोकदार हाडावर बोटाने दाबल्यावर दुखत असेल, किंवा त्या दिवशी चार पावलंही धड टाकता आली नसतील, तर ते नक्की सांगा. एक्स-रे काढायचा की नाही हे त्यावर ठरतं. परवानगी मिळाली की दात घासताना एका पायावर उभं राहायला लागा, आधी डोळे उघडे, मग मिटून. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो तो बऱ्याचदा तोल सांभाळण्याची त्याची जाण बोथट झाल्यामुळे, आणि ती जाण परत आणता येते.

आता वळणांबद्दल. हे मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण मला यावर सविस्तर बोलायचंय, आणि पत्राच्या सुरुवातीलाच बोलले असते तर तुम्हाला रागावल्यासारखं वाटलं असतं. मी रागावलेली नाही. मीही वळणं तोडलीयत.

एकदा अशीच मी वरून येत होते. वाट लांबलचक वळण घेऊन जात होती, आणि मधल्या गवताळ उतारावरून पाच-सहा पावलांत खालच्या वाटेवर पोचता येत होतं. दोन पावलं टाकली असतील. समोर गवतातून एक लहानसा मातकट पक्षी बाहेर आला आणि पंख जमिनीवर घासत, फरफटत चालायला लागला. डावा पंख मोडल्यासारखा लोंबत होता. मला वाटलं जखमी आहे. मी हळूच त्याच्या मागे गेले, तो आणखी पुढे सरकला. दहाएक मीटर गेल्यावर त्याने दोन्ही पंख उघडले आणि नीट, सरळ उडून गेला. तेव्हा उजेड पडला. जमिनीवर घरटं करणारे काही पक्षी असं नाटक करतात, शत्रूला घरट्यापासून लांब न्यायला. म्हणजे घरटं मागे होतं, मी जिथे पाऊल टाकणार होते तिथेच कुठेतरी. मी ते शोधलं नाही. आल्या पावलांवरून, एकेक ठसा बघत, वाटेवर परत गेले आणि अख्खं वळण चालत उतरले. पाय थरथरत होते, आणि ते थकव्याने नव्हते.

त्यानंतर वळण तोडायला पाय कधी उचलला नाही. वाट वळणं घेत जाते ती उगाच नाही. ती तशी आखतात म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून धावत सुटू नये. सरळ खाली जाणारी पायांची रेघ पडली की पाणी तीच रेघ धरतं, माती नेतं, दोन पावसाळ्यांत घळ होते आणि मग वरची मूळ वाटही ढासळते. प्राण्यांचंही तसंच. ठरलेल्या वाटेवरून जाणाऱ्या माणसांची त्यांना हळूहळू सवय होते, कारण माणूस कुठून येणार ते माहीत असतं. वाट सोडून झुडपांतून धाडधाड उतरणारा माणूस त्यांच्या लेखी शिकारीच. आपण पळतो तेव्हा चालणाऱ्यापेक्षा अचानक आणि जवळ येऊन उगवतो. म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला, जेव्हा बहुतेक जनावरं चरायला आणि पाण्यावर येतात, अभयारण्यात धावू नये, आणि कानात हेडफोन तर नकोतच. मोठं मांसाहारी जनावर समोर आलंच तर धावपटूची सगळी सवय विसरायची: वळून पळायचं नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून, उंच दिसेल असं उभं राहून, सावकाश मागे सरायचं.

बुटांचंही सांगते, कारण हे फार कमी जणांना ठाऊक असतं. न्यूझीलंडमध्ये कौरी नावाच्या प्रचंड वृक्षांना मातीतून पसरणाऱ्या एका सूक्ष्म जीवामुळे मर लागलीय, आणि ती माती माणसांच्या बुटांना चिकटूनही पुढे जाते. तिथे जंगलाच्या तोंडाशी बूट घासून जंतुनाशकाने धुवायची सोय केलेली आहे, आणि २०१८ मध्ये वाइताकेरे डोंगररांगेतल्या बऱ्याच वाटा बंद कराव्या लागल्या. तुम्ही एका डोंगरातून दुसऱ्या डोंगरात जाता तेव्हा तळव्यांच्या खाचांतली माती आणि बिया घरीच काढून टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

पाठीवरच्या पिशवीचं थोडक्यात. पाऊस-वारा अडवणारं जॅकेट, उष्णता धरणारं चकचकीत ब्लँकेट, शिट्टी, हेडलॅम्प, चार्ज केलेला फोन, पाणी, खाणं, घोट्याला गुंडाळायची पट्टी. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, तेव्हा खालच्या उन्हावर जॅकेटचा निर्णय घेऊ नका. शिट्टीची खूणही पाठ असू द्या: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. सोबतचा कोणी अडखळायला लागला, शब्द जड येऊ लागले, विचारलेल्याला भलतंच उत्तर द्यायला लागला, तर तो दमलाय असं समजू नका. तो गारठलाय. त्याला आडोशाला घ्या, कोरडं घाला, आणि एकटं सोडून मदत आणायला सगळेच्या सगळे जाऊ नका.

नाव मागे घेऊ नका, अजून तरी. शर्यतीच्या सहा आठवडे आधी एक तारीख ठरवा. त्या दिवसापर्यंत घोटा न सुजता ७०० मीटर चढाईची आणि तेवढ्याच उताराची एक फेरी झाली असेल तर जा. नसेल झाली तर आयोजकांना कळवून टाका, शक्य असेल तर नाव छोट्या अंतराला वळवून घ्या, आणि त्या दिवशी एखाद्या पाण्याच्या ठिकाणी मदतीला उभ्या राहा. मी एक वर्ष तशी उभी होते. शेवटी येणाऱ्यांचे चेहरे तिथूनच दिसतात.

आणि गेलातच तर निघण्यापूर्वी कागदावर एक वेळ लिहा: अमुक वाजेपर्यंत अर्ध्यावर पोचले नाही तर परत. ती वेळ घरी कोणाला तरी सांगून ठेवा. वर, माथा समोर दिसत असताना ती नव्याने ठरवायची नाही. मी एकदा माथ्यापासून जेमतेम अर्ध्या तासावरून परतले होते, वर ढग बसायला लागला होता म्हणून. खाली येईपर्यंत अंधार झाला नाही, हेडलॅम्प पिशवीतच राहिला.

घड्याळाच्या पडद्यावरून किलोमीटरचा पेस काढून टाका आणि तिथे एकूण चढाई ठेवा. डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की लिहा. आणि शेवटी कोण असेल, या प्रश्नाला काय उत्तर मिळालं, तेही.